जहाजाचा रकाना

संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की आमच्या सौंसरच्या हवेला साल सोलल्याचा वास येतो. पांढुर्ण्याकडून येणाऱ्या बसच्या टपावर कापसाचे पुंजके अडकलेले असतात, सौंसरकडून जाणाऱ्या बसमध्ये प्रत्येक सीटखाली संत्र्याची पिशवी असते, आणि दोन्ही गावांतल्या माणसांची नखं पिवळी झालेली असतात. या दिवसांत कुणाशीही हात मिळवा, आपला हात तासभर संत्र्याचा होतो. हा वास नाकात गेला की इतरांना बालपण वगैरे आठवतं. मला माझी एक लबाडी आठवते.

परवा भाच्याचा फोन आला. तो कुठंतरी टीव्हीच्या मालिकांवर लिहितो आणि त्याचा त्याला पगारही मिळतो. म्हणाला, "मामा, एक जुनी विज्ञानमालिका पुन्हा नव्यानं बनवलीये. जहाज तेच, माणसं तीच, पण गोष्ट फिरवलीये. हिला जुन्या मालिकेचं दुसरं रूप म्हणायचं की वेगळीच मालिका? आमच्यात दोन तट पडलेत."

मी म्हणालो, "बाबा रे, या एका प्रश्नापायी मी एका चांगल्या माणसाच्या घरात आग लावत होतो. मला विचारू नको."

त्यानं विचारलंच. म्हणून हे लिहितो आहे.

ऐंशीच्या दशकात मी सौंसरच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. इंग्रजी विषय घेऊन बी.ए. झालो होतो. म्हणजे इंग्रजीनं मला कसंबसं दाराबाहेर सोडलं होतं, पण गावाला वाटायचं की मी तिच्या घरात राहून आलो. वाचनालयात एक टीव्ही होता. नागपूरचं चित्र धरायला गच्चीवर इतका उंच खांब उभा केला होता की नवखा माणूस त्यालाच देऊळ समजून हात जोडायचा. संध्याकाळी साठ-सत्तर माणसं सतरंजीवर बसत. थंडीत सगळ्यांच्या खिशात संत्री. दिवे मालवले की अंधारात सालं सोलल्याचा बारीक आवाज यायचा आणि मधूनच कुणाच्या तरी डोळ्यात तुषार जाऊन "अबे, तिकडं सोल ना" असं ऐकू यायचं.

वाचनालयाचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. गुरुजींनी टीव्हीसाठी एक नोंदवही घातली होती. दिनांक, कार्यक्रम, प्रकार, शेरा. प्रकार पाचच: धार्मिक, शेतीविषयक, कौटुंबिक, ज्ञानवर्धक, बातम्या. सहावा प्रकार गुरुजींच्या मते जगात नव्हता. एखादा कार्यक्रम पाचांत बसला नाही, तर तो दोष कार्यक्रमाचा.

अशा वेळी ती इंग्रजी मालिका आली. तिचं खरं नाव कुणालाच धड म्हणता येईना, म्हणून गावानं तिला 'जहाज' म्हणायला सुरुवात केली. आभाळात भरकटलेलं एक जहाज, आत सात माणसं, एक गोल दरवाजा, एक पत्र्याचा गडी. मी गुरुजींना विचारलं, "विज्ञानकथा असा एक रकाना वाढवायचा का?"

"विज्ञान असेल तर कथा कशाला? आणि कथा असेल तर विज्ञान कशाला?" गुरुजी म्हणाले. "आहे त्यात बसव."

पहिल्याच भागात जहाजातल्या काचेच्या खोलीत चार रोपं दिसली. मी 'शेतीविषयक' असं लिहून बाहेरच्या फळ्यावरही लिहिलं. दुसऱ्या गुरुवारी आसपासच्या गावांतून शेतकरी आले. जामसांवलीच्या रस्त्याला ज्यांची बाग होती ते गुलाबकाका तर पुढच्या ओळीत वही-पेन घेऊन बसले. अर्धा तास ते जहाज तारे कापत जाताना बघत राहिले आणि शेवटी अदबीनं म्हणाले, "मधुभाऊ, फवारणी कधी दाखवते जी?"

मी म्हणालो, "पुढच्या भागात."

खोटं बोलण्याचा माझा तो शुभारंभ. आता मागे वळून बघताना वाटतं, तिथंच थांबलो असतो तर आज भाच्याला मी दोन वाक्यांत उत्तर देऊ शकलो असतो.

मग लोकांनी मागणी केली की ते काय बोलून राहिले ते सांगा. सांगणार कोण? गावात इंग्रजीचा मी एकच बी.ए. मला टीव्हीच्या बाजूला स्टूल दिलं गेलं. त्या स्टुलावर बसलेला माणूस 'मला कळत नाही' म्हणेल का? ती माणसं तोंडात सुपारी धरल्यासारखी बोलत, आणि चित्रात वरून मुंग्या. मला दहातला एखादा शब्द कळे. बाकीचे नऊ मी सौंसरचे घालत असे.

कप्तान दोन मिनिटं तावातावानं बोलला की मी सांगायचो, "म्हणतात, टाकीतलं पाणी कमी झालंय." एका ग्रहावर तीन डोळ्यांचा हिरवट प्राणी हातात काठी घेऊन आडवा आला. लोक घाबरले. मी म्हणालो, "हा तिथला पटवारी आहे. जागा मोजायला आलाय. जमिनीचा खसरा दाखवा म्हणतो." सगळं वाचनालय एकदम सैलावलं. पंचफुलाबाई म्हणून एक होत्या, संत्री निवडण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं, त्या मागून म्हणाल्या, "तिथं बी पोचला काय हा." त्या प्राण्याबद्दल गावात जो जिव्हाळा निर्माण झाला, तो मूळ लेखकाला स्वप्नातही मिळाला नसेल.

पाचव्या की सहाव्या गुरुवारी जहाजातल्या पडद्यावर एका तरुण बाईचा चेहरा आला. ती काहीतरी आकडे सांगत होती. कप्तान तिच्याकडे टक लावून बघत होता.

"हे कोण हाय?" गुलाबकाकांनी विचारलं.

मला खरंच माहीत नव्हतं. काकांच्या शेजारी त्यांची वंदना बसली होती, अकरावीतली, मांडीवर कंपासपेटी. त्या दुपारीच तिनं वाचनालयातलं भौतिकशास्त्राचं एकुलतं एक पुस्तक परत करून पुन्हा तेच मागितलं होतं. मी म्हणालो, "ही कप्तानाची मुलगी, काका. पृथ्वीवर बसून बापाला रस्ता दाखवते आहे. गणितात फार हुशार."

वही काढून मी 'शेतीविषयक' खोडलं आणि 'कौटुंबिक' लिहिलं. गुरुजींनी मान डोलावली.

त्यानंतर मी त्या मुलीला वाढवतच नेलं. ती आली की मला चेव यायचा. आई लहानपणी गेली, बापानं शिकवलं. लोक म्हणाले शिकवून काय करता, बाप म्हणाला बघू. ती बिचारी पडद्यावर सगळी मिळून अर्धं मिनिट यायची, माझं भाषांतर तीन मिनिटं चालायचं. कप्तानाचा पुढचा संवाद त्याखाली बुडून जायचा. कुणाची हरकत नव्हती. गुलाबकाका विधुर होते. ते संत्रं हातात धरून बसत आणि सोलायचं विसरत.

शेवट आम्हाला दिसलाच नाही. गच्चीवर वानरांची टोळी आली आणि आमच्या खांबावर त्यांनी अशी काही कसरत केली की अँटेना शेजारच्या बोरीत जाऊन पडली. दुरुस्त होईपर्यंत 'जहाज' संपून गेलं होतं. पण वंदना बारावी झाली त्या उन्हाळ्यानंतर गुलाबकाका तिला आणि एका ट्रंकेला घेऊन नागपूरच्या बसला निघाले. मावशीकडे ठेवून बी.एस्सी. करायची होती. वाटेत ते वाचनालयाच्या दारात थांबले.

"मधुभाऊ, त्या जहाजवाल्यानं पोरीले शिकवलं, म्हणून तो वाचला ना?"

"हो काका."

"मंग बरं हाय," म्हणाले आणि गेले.

मी वहीत डोकं खुपसून बराच वेळ काहीतरी लिहीत होतो. काय, ते आठवत नाही.

आमच्या भागात संत्र्याचं झाड बी लावून कुणी करत नाही. आधी जंभेरीचं रोप वाढवायचं. जंभेरी म्हणजे लिंबाच्या कुळातलं रांगडं, काटेरी झाड. फळ इतकं आंबट की तोंडात धरवत नाही, पण मूळ चिवट. त्याच्या खोडाला चीर देऊन संत्र्याचा डोळा बसवायचा, बांधायचं, आणि डोळा फुटला की वरची जंभेरी कापून टाकायची. आम्ही जी गोड संत्री खातो ती सगळी अशी दुसऱ्याच्या पायांवर उभी असतात. हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण याचा टीव्हीशी संबंध येईल असं वाटलं नव्हतं.

पहिल्या 'जहाजा'नंतर चार वर्षांनी, पुन्हा आंबियाच्याच तोडणीत, तो संबंध आला. 'जहाज' परत आलं. या वेळी हिंदीत, आपल्याकडच्या नटांना घेऊन बनवलेलं, आणि आमचा टीव्हीही आता रंगीत. तीच सात माणसं, तोच गोल दरवाजा. पत्र्याच्या गड्याच्या जागी तोंडाला चंदेरी रंग फासलेला, सफारी सूट घातलेला एक गृहस्थ आला होता. आणि हिंदी सगळ्यांनाच येत होतं. माझं स्टूल भिंतीला लागलं.

वाचनालयात वर्तमानपत्र आधी माझ्या हातात पडतं. नव्या मालिकेचा गोषवारा एका हिंदी पेपरात आला होता. तो मी दोनदा वाचला. पडद्यावरची ती बाई कप्तानाची मुलगी नव्हतीच. ती वैऱ्याच्या बाजूची होती. खोटे आकडे सांगून जहाज भरकटवणारी तीच. चौथ्या भागात हे उघड होणार होतं.

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण त्याच आठवड्यात गुलाबकाका येऊन बसले होते. पांढुर्ण्याचं स्थळ आलं होतं, घरचं कापसाचं जिनिंग, मुलगा सुस्वभावी. वंदना बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि म्हणत होती की एम.एस्सी. करते. "पाहुणे पुढच्याच्या पुढच्या रविवारी येऊन राहिले," काका म्हणाले. "काय करू समजत नाही. पोरगी म्हणते शिकतो. भाऊबंद म्हणते, किती शिकवतं? मी म्हणलं, जहाज पाहून घेतो आता पुरतं. शेवट राहिला होता ना आपला."

मोठी माणसं मोठ्या निर्णयाआधी जामसांवलीच्या हनुमानाला जातात. काका तिथंही जाऊन आले होते, पण त्यांचा कौल माझ्या जहाजाकडे अडकला होता.

मग मी वर्गीकरणाला लागलो. या मालिकेचा जुनीशी काही संबंध नाही, एवढं एकदा ठरलं की ती बाई कुणीही निघो, माझी कप्तानकन्या शाबूत. मी फळ्यावर लिहिलं: 'सूचना. सध्याची मालिका ही पूर्वीच्या मालिकेहून सर्वस्वी भिन्न असून प्रेक्षकांनी दोहोंची गल्लत करू नये.' असली सूचना लावणाऱ्या माणसाकडे कुणीही संशयानंच बघेल. पण मला तेव्हा ती भाषा फार भारदस्त वाटली.

त्या गुरुवारी तिसरा भाग सुरू व्हायच्या आधीच सभा भरली.

"भिन्न कशी?" पंचफुलाबाई म्हणाल्या. "सात होते, सातच हायेत. दरवाजा गोल होता, गोलच हाय."

गुरुजींनी चष्मा पुसला. "ही दुसरी आवृत्ती समजावी. सुधारून वाढवलेली. पुस्तकाची दुसरी आवृत्ती आली तर आपण कपाट बदलतो का? जुन्याच क्रमांकाखाली नोंद."

"गुरुजी, पण यात लेखक बदलला, नट बदलले, भाषा बदलली," मी म्हणालो. "मग उरलं काय?"

"हाडं उरली ना," पंचफुलाबाई म्हणाल्या. "बाई लुगडं बदलते म्हणून सासर बदलते काय?"

आता गुलाबकाका पुढं सरकले. ते म्हणाले, "तसं नाही बाई. मूळ जंभेरीचं असते, फळ संत्र्याचं. आपण झाडाले काय म्हणतो? संत्रा म्हणतो. मुळावरून कोणी नाव ठेवते काय? जे फळ येऊन राहिलं, ते झाड."

मला त्यांना कडकडून मिठी मारावीशी वाटली. मी ताबडतोब वही उघडून लिहिलं: 'स्वतंत्र मालिका. कलमी.' गुरुजींना 'कलमी' हा प्रकार पसंत नव्हता, पण शेऱ्याच्या रकान्यात आहे म्हणून त्यांनी चालवून घेतला. आजही भाच्याच्या त्या दोन तटांना यापेक्षा चांगलं उत्तर मिळेलसं वाटत नाही. फक्त ते उत्तर देणारा माणूस प्रामाणिक होता आणि लिहून घेणारा भामटा, एवढाच घोटाळा.

चौथा भाग आला. रंगीत पडद्यावर ती बाई हसली, मागून वैरी पुढे आला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला की शाब्बास, बारा वर्षं तू त्यांना फिरवत ठेवलंस. सतरंजीवर एकही साल सोललं जात नव्हतं. मग एकेक मान माझ्याकडे वळली.

"मधुभाऊ," पंचफुलाबाई म्हणाल्या, "हे तर त्याची वैरीण निघाली."

"ही वेगळी मालिका आहे," मी म्हणालो.

"केस तसेच, खुर्ची तशीच. मंग त्याची पोरगी कुठं गेली?"

"ती... जुन्यात आहे."

गुलाबकाकांनी गळ्यातला मफलर डोक्याला गुंडाळला, चपला शोधल्या आणि भाग संपायच्या आधीच निघून गेले. जाताना माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल काढली. बागेत तोडणी चालली होती. झाडांना शिड्या लावलेल्या, खाली गवतावर पिवळा ढीग, आणि ढिगाभोवती बायका. पंचफुलाबाई न बघता निवड करत होत्या. फळ तळव्यात पडलं की त्याचा आकार हाताला कळायचा आणि ते आपल्या ढिगात जाऊन पडायचं. काकाही तिथंच उकिडवे बसून निवडत होते. मी सायकल झाडाला टेकवली. वाटेत चांगली तीन-चार वाक्यं जमवली होती, ती सगळी उतरताना पडली.

"काका, ती मुलगी मी बनवली," मी म्हणालो. "मला ते इंग्रजी कळतच नव्हतं. आई नसणं, बापानं शिकवणं, गणित, सगळं माझं. त्यावर विसंबून वंदनाचं काही ठरवू नका. ठरवायचं ते ठरवा, पण माझ्या थापेवर नको."

काकांचे हात थांबले नाहीत. पंचफुलाबाईंचे मात्र थांबले.

"आणि पटवारी?" त्यांनी विचारलं.

"तोही मीच."

"पटवारी बी?" त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं दुःख होतं. "मले तो आवडत होता हो."

काका निवडतच राहिले. दोन फळं एका ढिगात, एक दुसऱ्यात. मग म्हणाले, "इंग्रजीत ते बाई कोण होती मंग?"

"माहीत नाही. हीच असेल. वैरीणच."

"म्हणजे हे हिंदीवालं त्या इंग्रजीसारखंच हाय."

"असावं."

"मंग नवं हे नाही ना. नवं तुझं होतं." त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. "जंभेरी त्याईची, डोळा तू बसवला. आमी चार वर्षं तुझंच फळ खाऊन राहिलो. आणि तू यालेच वहीत कलमी लिहिलं."

"लिहा मंग बरोबर करून," पंचफुलाबाई म्हणाल्या. "हे खरं, आणि पहिलं होतं ते मधुभाऊचं."

मी वाचनालयात जाऊन वही दुरुस्त केली. हिंदी मालिकेसमोरचा 'स्वतंत्र' आणि 'कलमी' खोडला. मग चार वर्षांपूर्वीचं पान काढून 'कौटुंबिक'च्या पुढे लिहिलं, 'पुनर्निर्मित. निर्माता: ग्रंथपाल.' गुरुजींनी ते वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "अक्षर बरं काढत जा." मला वाटतं, वर्गीकरण शास्त्रात माझी भर पडली असेल तर ती एवढीच: नवी मालिका नेहमी पडद्यावर बनते असं नाही. पुष्कळदा ती पडद्याच्या बाजूला, स्टुलावर बनते.

पण वंदनाचं काय, हे काकांनी सांगितलं नव्हतं. फक्त मी निघताना म्हणाले होते, "रविवारी पांढुर्ण्याचे येऊन राहिले. तू ये." मी ते दोन दिवस कसे काढले विचारू नका. काका स्थळाला हो म्हणणार आणि मला साक्षीदार म्हणून बोलावलंय, अशी माझी खात्री झाली होती. लबाडाच्या शिक्षा फार सभ्य असतात.

रविवारी सकाळी कोवळ्या उन्हात काकांच्या ओसरीवर सतरंजी घातली होती. मुलगा, त्याचे आई-वडील आणि मोठे काका. पोहे झाले, चहा झाला. मुलगा खरंच चांगला होता; कोटाच्या बाहीवरचे कापसाचे तंतू तो गुपचूप काढत होता. वंदना नागपूरहून आली होती. तिनं पाहुण्यांसमोर संत्री ठेवली, आणि मला वाकून नमस्कार करताना म्हणाली, "भाऊ, मले काहीच माहीत नाही. बाबा बोलतच नाही." 

गुलाबकाकांनी मला आत माजघरात ओढलं. कपाटातून त्यांनी एक घडी घातलेला कागद काढला, वंदनाचा दोन वर्षांचा निकाल. "तुझी जहाजवाली खोटी निघाली," ते हळू आवाजात म्हणाले. "माही तर खरी हाय ना? हे कोणी बनवलं नाही."

"मग नाही म्हणून सांगा त्यांना."

"तेच तर होत नाही बाप्पा. आयुष्यात कोण्या पाहुण्याले तोंडावर नाही म्हणलं नाही मी. तू सांग. तुले बनवता येते. त्याईले वाईट वाटू नये असं बनव काहीतरी. पत्रिका म्हण, नवस म्हण."

आम्ही बाहेर आलो. मुलाच्या काकांनी बोटं पुसली आणि विषयाला हात घातला. "तर मग, काय ठरवलं जी?"

गुलाबकाका म्हणाले, "मधुभाऊ सांगतील."

सगळे माझ्याकडे बघू लागले. स्टूल नव्हतं, एवढाच फरक. पत्रिका जिभेवर आली होती, नवसही आला होता. दारामागे वंदनाच्या बांगड्यांचा आवाज थांबलेला होता. मी तोंड उघडलं आणि माझ्याच कानांनी ऐकलं, "स्थळात कमी काही नाही. मुलीला पुढं शिकायचंय, आणि तिच्या वडलांनी शिकवायचं ठरवलंय."

 मुलाच्या आईनं पदर सारखा केला. मुलानं बाहीवरचा शेवटचा तंतू काढला. त्याच्या काकांनी माझ्याकडे बघितलं, मग गुलाबकाकांकडे, आणि समोरचं एक संत्रं उचलून सावकाश सोलायला घेतलं.

"एवढंच सांगायचं होतं," ते म्हणाले, "तर तुमी सांगतलं असतं जी. बाहेरचा माणूस कायले आणला?"

गुलाबकाका खाली बघत म्हणाले, "माह्याच्यानं झालं नसतं."